मागच्या सोप्यातली चूल

गेल्या खेपेला तुम्ही दोघं आला होता, तेव्हा आपण बेळगावजवळ काकतीच्या पलीकडच्या गावी मोठ्या आजीला भेटायला गेलो होतो. आपली पानं स्वयंपाकघरात मांडली होती. मोठी आजी मात्र मागच्या सोप्यात, म्हणजे घरामागच्या पडवीत, चुलीपुढे पाटावर बसून आपल्या एकटीपुरता भात शिजवत होती. तो खाऊन, हात धुऊन मगच ती आपल्यात येऊन बसली. धाकटीने मला हळूच विचारलं, "ती आपल्याबरोबर का जेवत नाही? भांडण झालंय का?" मी म्हणाले, "तिला चुलीवरचा भात आवडतो." पाहुण्यांना द्यायचं उत्तर मी तुम्हाला दिलं.

परवा फोनवर थोरला म्हणाला, की तिकडे परदेशात सगळे सांगतात, तुम्ही म्हातारे होईपर्यंत सरकारी पेन्शनीत आणि दवाखान्यात काही शिल्लक राहणार नाही. "तुमच्याकडे कसं आहे, आजी?" असं त्याने विचारलं आणि मी विषय बदलला. मला ठाऊक असलेलं उत्तर त्या मागच्या सोप्यातच आहे. ते फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

मोठी आजी ही माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणते. तिचं माहेर निपाणीचं. लग्नाआधी ती आईबरोबर तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर शिंकत बसायची. मी या घरात आले ती बी.ए. होऊन, इंग्रजी शिकवायच्या नोकरीसकट. आम्ही बेळगावात बिऱ्हाड केलं, ती गावी राहिली. अजूनही ती मला "बाई" म्हणते, शाळेतली मुलं म्हणायची तसं, आणि त्यात थोडी थट्टा असते. माझे थोरले दीर गेले तेव्हा तिच्या घरात मुलगा आणि सून होती, म्हणजे तुमचे काका-काकू. काका बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत कंत्राटदाराच्या हाताखाली आहे. रोज मोटरसायकलने जातो. काम निघालं तर हजेरी, नाही निघालं तर आल्या वाटेने परत.

मी निवृत्त झाल्यापासून माझी पेन्शन बँकेत येते. मी कुणाच्या हातचं जेवते, कुणाच्या घरात झोपते, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. वर्षातून एकदा जिवंत असल्याचं दाखवायला जाते, तेव्हा बँकेतला माणूस उठून खुर्ची देतो. माझ्यामागून शाळेत लागलेल्या शिक्षिकांना ही पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून कापलेला पैसा बाजारात लावलेला असतो. बाजार चढला की त्या हसतात, उतरला की गप्प बसतात. तुमच्या काकाला तेवढंही नाही.

आक्कासाठी होती ती निराधार म्हाताऱ्यांना मिळणारी पेन्शन, आणि गरिबांच्या कार्डावर सरकारी दवाखान्यात होणारे उपचार. पण घरात कमावता मुलगा असला की म्हातारी निराधार ठरत नाही. त्याची कमाई त्याच्याच पोरांना पुरते की नाही, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे आक्काच्या गल्लीत एक रीतच पडून गेली आहे. म्हाताऱ्या कागदोपत्री एकट्या राहतात. एकाच दारातून आत जायचं, एकाच न्हाणीत अंघोळ करायची, पण कार्ड वेगळं आणि चूल वेगळी. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं, हे आपल्याकडे भाऊ-भाऊ वाटण्या करायला लागले तेव्हापासून चालत आलं आहे. तपासायला येणारा तलाठीही तेच बघतो.

चूल मांडली त्या दिवशी मी तिथेच होते. शेजारच्या म्हातारीची अशी चूल आधीच मांडून झाली होती, म्हणून ती शिकवायला आली होती.

"नुसती चूल मांडून भागत न्हाय, आक्का," ती म्हणाली. "संसार दिसाय पायजे. नवी भांडी ठिवू नको. बूड काळं पायजे."

तुमच्या काकूने तव्याची काजळी पातेल्याच्या बुडाला फासली.

"आणि ताट एकच ठिव. दोन दिसली की इचारतोय, दुसरं कुणाचं?"

"नवऱ्याचं म्हणते की," आक्का म्हणाली.

"अगं भवाने, त्यो मेलाय म्हणून तर पेन्शन मागायलीस!"

सगळ्या हसल्या. आक्का तर पदर डोळ्यांना लावून हसत होती. दीर जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मला ते पटलं नाही. शेजारची म्हातारी गेल्यावर मी आक्काला म्हणाले, "आक्का, हे नाटक कशाला? दर महिन्याला मी देत जाईन."

"तुझं नको, बाई. सरकारनं दिल्यालं घिऊन दार लावून बसता येतंय. तू दिलंस की तू दिसल्यावर हसाय लागतंय."



तलाठी आला त्या दिवशीची हकीकत आक्काने मला पुष्कळदा सांगितली आहे. तरुण होता, कन्नड बोलणारा, चपला बाहेर काढून आत आला. त्याने पातेलं बघितलं, ताट बघितलं. मग उकिडवा बसून चुलीतल्या राखेत बोटं घातली. "चूल गार आहे की, अज्जी. आज जेवण नाही?" त्याने विचारलं. आक्काही कन्नडमध्येच म्हणाली, "एकादशी आहे." त्या दिवशी एकादशी नव्हती, आणि ते त्यालाही माहीत असावं, कारण तो हसला. सही करताना म्हणाला, "पुढच्या वेळी येईन तेव्हा गरम असू दे."

तो थट्टेने म्हणाला असं मला वाटतं. तुमच्या काकालाही तसंच वाटतं. आक्काला तसं वाटलं नाही. साहेब हसून बोलला तरी सांगितलेलं काम करायचं असतं, हे ती वखारीत शिकली होती. दुसऱ्या दिवसापासून तिने ती चूल गार होऊ दिली नाही.

आधी नुसता सकाळचा चहा त्या चुलीवर व्हायचा. मग चहानंतरचा जाळ फुकट जातो म्हणून तिने पाणी ठेवलं, आणि पाणी तापतंच आहे म्हणून मूठभर तांदूळ टाकले. आत भाकऱ्या थापताना काकू सासूला विचारायची, "आत्ती, तुमची टाकू का?" आक्का म्हणायची, "मी भात घातलाय." असं होता होता काकूने विचारायचं सोडलं आणि परातीतल्या पिठातून एक भाकरी कमी झाली. सणाच्या दिवशी पोळी बाहेर जायची, ताटावर ताट झाकून, शेजारी द्यावी तशी. भांडण असतं तर मी मध्ये पडले असते. त्या घरात कुणाचा आवाजसुद्धा चढला नव्हता. आक्का नातवंडांना जवळ घेत होती, काकू तिचे पाय चेपत होती, आणि दोन वेळा एकाच घरात दोन जेवणं होत होती. तुम्ही आलात तेव्हा हे असंच चाललेलं होतं. मलाही त्यात काही खटकेनासं झालं होतं.

मग खोकला वाढला. वखारीतल्या धुळीने तिची छाती लहानपणीच धरली होती, आता त्यात धूर. मागचा सोपा तिन्ही बाजूंनी बंद आहे, धूर बाहेर जायला फक्त कौलांमधली फट. फुंकणी घेऊन जाळ फुंकायचा तर आधी दम लागायचा, आणि दम खाऊन होईपर्यंत जाळ विझायचा. मी बेळगावातून एक छोटी गॅसची शेगडी घेऊन गेले. तिने ती उघडूनही बघितली नाही.

"गॅस दिसला की कार्ड गेलं. म्हातारी सुखात हाय म्हणतील."

"आक्का, तो परत आलेला नाही. येणारही नाही."

"आला न्हाय म्हंजे यायचा हाय."

त्यातच फोनवर बातम्या फिरायला लागल्या. कार्डं पुन्हा तपासणार, अमक्या गावात रद्द झाली, तमक्या गावात म्हाताऱ्यांची पेन्शन थांबली. मी मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही वर्तमानपत्रं वाचते, तरी त्यातलं खरं किती आणि उठवलेलं किती, मला छडा लावता आला नाही. प्रत्येक बातमीनंतर आक्काची चूल थोडी जास्त वेळ पेटायची.

गेल्या थंडीत एके सकाळी काकाचा फोन आला. आईला श्वास घेता येत नव्हता, तो तिला रिक्षातून बेळगावच्या सरकारी दवाखान्यात आणत होता. मी तिथे पोचले तेव्हा आक्का बाकावर बसून होती, ओठ काळसर पडलेले. काका तिची पाठ चोळत होता. कार्डं बघण्याच्या खिडकीत एक बाई होती. तिने आक्काचं कार्ड हातात घेतलं. त्यावर एकच नाव. तिने मान वर करून काकाकडे बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

काकाने तोंड उघडलं. त्याच्याआधी आक्का बोलली. तिला दोन शब्द सलग बोलता येत नव्हते, पण हे बोलली.

"शेजारचा हाय."

काका माझ्याकडे बघायला लागला. खिडकीतल्या बाईने काहीतरी खरडलं आणि कार्ड परत दिलं. उपचार सुरू झाले आणि चांगले झाले, हेही लिहिलं पाहिजे. नळी लावली, वाफ दिली, औषधं दिली, त्यासाठी कुणी काही मागितलं नाही. त्या कार्डाने तिचा जीव वाचवला. म्हणूनच त्या कार्डासाठी ती काय काय करते, यावर मला सहज बोलता येत नाही.

वॉर्डात काका "शेजारी" झाला. फौंड्रीतली हजेरी बुडवून तो तिथे राहिला. तिला धरून संडासला नेणं, केस विंचरणं, पेज भरवणं, सगळं तो करायचा. एकदा पेज भरवताना नर्स जवळ येऊन उभी राहिली.

"अज्जी, तुमचा शेजारी लई चांगला हाय बघा. पोटची पोरं एवढं करत न्हाईत."

"व्हय," आक्का म्हणाली. "नशीब माझं."

काकाने वाटी खाली ठेवली आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. मी त्याच्यामागे गेले. तो खिडकीतून खाली उभ्या मोटरसायकली बघत होता. "काकू," तो मला म्हणाला, "आई खोटं बोलली ते सोड. पण 'व्हय' म्हणताना तिला जरासुद्धा जड गेलं न्हाय."

सोडायच्या दिवशी डॉक्टर आल्या. तरुण होत्या, मराठी बेताचं बोलायच्या, पण आक्काजवळ स्टूल ओढून बसल्या.

"घरात चूल आहे?"

आक्काने दाराकडे बघितलं. तिच्या मते सरकार हा एकच माणूस आहे. एका खोलीत बोललेलं दुसऱ्या खोलीत पोचतं. "चूलच हाय," ती म्हणाली.

"ती बंद करायची. धुरात पुन्हा बसलात तर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही. दुसऱ्या कुणाला स्वयंपाक करू दे."

"दुसरं कोण न्हाय."

"मुलगा? सून?"

"कोण न्हाय. एकटीच हाय मी."

डॉक्टरांनी आक्काचा हात हातात घेतला. एकट्या, आजारी म्हाताऱ्यांची सोय करणारा एक आश्रम आहे, म्हणाल्या. आपण आजच बोलू, तिथे दोन वेळा जेवण मिळेल, औषध मिळेल, धूर नसेल. त्या बाईने हे मनापासून सांगितलं. आक्काचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. दीर गेले तेव्हाही नाही. तिने मान वळवून काकाकडे बघितलं, आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"शेजारी बघतोय की माझं," ती म्हणाली.

डॉक्टर काकाकडे वळल्या. "तुम्ही जबाबदारी घेता? घरी घेऊन जाल? चुलीपाशी जाऊ देणार नाही?"

"घेतो," काका म्हणाला.

"नातं काय?"

मी त्याच्या शेजारीच उभी होते. तो काय बोलणार ते मला माहीत नव्हतं. खरं बोलला असता तर कार्ड गेलं असतं, निदान आक्काला तरी तसं वाटत होतं, आणि कार्ड गेलं की पुढच्या वेळी हे दार बंद.

"शेजारी," तो म्हणाला.

रिक्षात आम्ही तिघं होतो. गाव जवळ आल्यावर काका समोर बघतच म्हणाला, "आई, आजपासून आत यायचं. मधल्या खोलीत झोपायचं. जेवायचं आत."

"आणि चूल?"

"खड्ड्यात गेली चूल."

"मग मलाबी घाल तितंच. मला रिक्षातनं उतरवू नको. फिरव गाडी, त्या आश्रमात सोड."

दारात काकू उभी होती. तिने हे शेवटचं ऐकलं असावं. रिक्षात वाकून तिने आक्काचा दंड धरला आणि म्हणाली, "आत्ती, चूल गार हुत न्हाय. मी पेटवते. तुम्ही आत चला."

असं ठरलं. आक्का मधल्या खोलीत झोपते. काकू सकाळ-संध्याकाळ मागे जाऊन जाळ लावते. आक्काचा भात आक्काच्याच चुलीवर व्हायला पाहिजे, अशी तिची अट. पहिले काही दिवस काकूने तो तिथेच शिजवला. मग मी एकदा गेले असताना बघितलं, तर मागे चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं आणि भात आत कुकरमध्ये झाला होता. काकूने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि त्या एकट्या ताटात भात वाढून आक्कापुढे नेला.

"कुठल्या चुलीवरचा?" आक्काने विचारलं.

"तुमच्याच."

आक्काने एक घास घेतला. चुलीवरच्या भाताला धुराचा वास असतो, आणि तिने आयुष्यभर तो भात खाल्ला आहे. तिने काकूकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जाळ चांगला लागला हुता म्हणायचा आज," ती म्हणाली, आणि जेवली. तेव्हापासून ती रोज कुठल्या चुलीवरचा म्हणून विचारते आणि काकू रोज तेच सांगते. तिचं ताट मात्र अजून वेगळंच असतं.

मला वाटलं होतं, हे असंच आक्काबरोबर संपेल. तुम्हाला लिहायला बसले ते मागच्या आठवड्यात पुन्हा तिकडे जाऊन आल्यावर. काकू घरामागच्या परड्यात माती, शेण आणि भुसा कालवत बसली होती. मागच्या सोप्यातली चूल तिने फोडली होती. मला आनंद झाला, आणि तो बहुतेक चेहऱ्यावरही दिसला असावा.

"संपवली एकदाची?" मी विचारलं.

"न्हाय वो. नवी मांडायलेय. जरा उंच."

"आता कशाला उंच?"

"आत्तींच्या मापाची हुती ती. मला लई खाली पडती. माझं गुडघं आत्ताच वाकंनात." ती चिखल घेऊन सोप्यात गेली आणि अर्धवट मांडलेल्या चुलीवर थापायला लागली. "तुमच्या पुतण्याचं काम कवा हाय, कवा न्हाय. पुढं मलाच हितं बसायचं हाय न्हवं? मग आत्ताच नीट मांडून घेतलेली बरी. माझी सून येईल तिला तरी तरास नको."

काकू अजून पन्नाशीची नाही. तिचा मुलगा यंदा कॉलेजात गेला. ती हे असं बोलली, जसं एखादी दिवाळीच्या आधी घर सारवण्याबद्दल बोलते. तिच्या म्हातारपणी ती पेन्शन असेल का, कार्ड चालेल का, की तोवर नियम बदलून चूल बघायलाही कुणी येणार नाही, हे तिला माहीत नाही. मलाही नाही. माझी पेन्शन माझ्याबरोबर जाईल, तिची चूल मात्र राहणार आहे. थोरल्या, तुला एवढंच सांगता येईल.

आतून आक्काची हाक आली. "जाळ लावलास का गं?"

"ओली हाय अजून, आत्ती. आज वाळू दे."

आतून खोकला, आणि खोकल्यानंतर, "आणि आज कोण आला तर?"

काकूने माझ्याकडे बघितलं, हात धुतले आणि उठली. ओल्या चुलीच्या शेजारी तिने तीन विटा मांडल्या, वर पाण्याचं पातेलं ठेवलं, आणि तुराट्या घालून जाळ लावला.